लोखंडी काठीवाला कुणाकडे बघतोय

फांग हाईशानच्या टेबलावर देव, भुतं, ढग, विजा, सप्तर्षी, कासव आणि साप सकाळपासून एकमेकांच्या अंगावर पडलेले असायचे. त्या सगळ्यांना तो मुठीत धरून वळवायचा, पण समोरच्या एका बाईला ‘आज फार उकडतंय’ एवढं म्हणायची त्याची छाती होत नव्हती. आमच्या पितळ आळीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त त्या बाईला, असं हाईशानचं मत होतं.

लुंगहू डोंगरावर ताओपंथी स्वामींचे मठ आणि डोंगराखाली, नदीकाठी, आमची आळी. वर मंत्र म्हणायचे, खाली आम्ही ते पितळेत ओतायचे. हाईशानचा बाप ओतारी, आजा ओतारी, आणि तिघांनीही आयुष्यभर ओतली ती फुलनाणी. मधे चौकोनी भोक असलेली, दिसायला अगदी नाण्यासारखी, पण ज्यांनी बाजारात मिठाचा खडासुद्धा मिळत नाही अशी. पोर झोपेत दचकत असेल तर वाघावर बसलेल्या स्वामींचं नाणं. घरात काही शिरल्याचा संशय असेल तर वीजमंत्राचं. म्हातारीला अजून जगायचं असेल तर सारस, हरीण आणि पीच फळाचं, आणि सुनेला ती म्हातारी फार जगली असं वाटत असेल तर त्यावर मात्र आमच्याकडे नाणं नाही.

दुकान चालत नसेल तर तीन पायांचा बेडूक. एकदा तेलवाला असा बेडूक परत घेऊन आला.

“फांगदादा, हा काही कामाचा नाही बघ. महिना झाला गल्ल्यात ठेवून. गिऱ्हाईक होतं तेवढंच.”

हाईशानने नाणं भिंगाखाली धरलं, मन लावून पाय मोजले आणि म्हणाला, “तीन आहेत. बरोबर आहे.”

“त्याचे तीन आहेत हो,” भट्टीजवळून कुईझू ओरडली, “तुम्ही आपले दोन तरी वेळेवर हलवा! सूर्य डोक्यावर आल्यावर फळ्या काढता, मग बेडूक काय उठून तेल मोजायला बसणार?”

कुईझू ही हाईशानची थोरली बहीण. कोरायचं काम त्याचं, ओतायचं तिचं. तिचा नवरा लाकडाच्या तराफ्यांवर नदीभर हिंडायचा आणि वर्षातून दोनदा घरी येऊन भांडून जायचा, म्हणून ती भावाकडेच राहायची. भट्टीने तिच्या भुवया कधीच खाल्ल्या होत्या. त्यामुळे बाई रागावली आहे की खूश आहे हे तोंडावरून कळायची सोय नव्हती, आणि माणसं आपली दोन्हीची तयारी ठेवून बोलत.

हाईशान लहानपणी मठाच्या चेस्टनटच्या झाडावरून पडला, चोरी करताना. पाय जो वाकडा झाला तो झालाच. तेव्हापासून बगलेत बांबूची काठी आणि आळीत नाव पडलं ‘लोखंडी काठीवाला’. हा लोखंडी काठीवाला म्हणजे आमच्या आठ अमरांपैकी, कधी न मरणाऱ्या आठ देवमाणसांपैकी, एक. त्याचा आत्मा एकदा शरीर सोडून स्वर्गात फिरायला गेला. परत येतो तो काय, शिष्याने घाई करून देह जाळून टाकलेला! मग जवळ पडलेल्या एका लंगड्या भिकाऱ्याच्या प्रेतात शिरावं लागलं, आणि महाराज कायमचे लंगडे झाले. हाईशान म्हणायचा, “त्याला निदान स्वर्ग तरी बघायला मिळाला. मी चेस्टनटसुद्धा खाल्लं नाही.”

आता ती बाई. सगळी आळी जिला वहिनी म्हणायची त्या मिआओ वहिनीचा टोफूचा गाडा आळीच्या तोंडाशी, हाईशानच्या दारासमोर. नवरा तापाने गेला तेव्हापासून ती एकटीच पहाटे सोयाबीन दळायची आणि सकाळी गरम गरम टोफू वाटीत घालून वर लाल तिखटाचं तेल सोडायची. डावखुरी होती. डाव्या हातात लांब दांड्याचा झारा, उजव्या हातात गिऱ्हाईकाची मानगूट, म्हणजे कुणी वाटी न धुता ठेवली तर. आवाज असा, की नदीवरची बदकं वळून बघायची. हाईशानचं तिच्यावर प्रेम होतं. त्याला दुसरा कुठला सभ्य शब्द शोधण्यात अर्थ नाही.

रोज सकाळी तो घरातून वाक्य पाठ करून निघायचा. रस्ता ओलांडेपर्यंत वाक्य विरघळायचं.

“एक वाटी,” तो म्हणायचा.

“तिखट?”

“हं.”

संपलं. मग खाली मान घालून, नाक वाटीत बुडवून तो खायचा आणि घरी यायचा. एकदा फार धीर करून ‘दोन वाट्या’ म्हणाला, म्हणजे जरा जास्त वेळ बसता येईल. पण वहिनीने तेलही दुप्पट घातलं. घामाने आणि आसवांनी भिजून तो घरी आला तेव्हा कुईझूने विचारलं, “काय, बोललास?” याच्या जिभेला तेव्हा ‘पाणी’सुद्धा म्हणता येईना.

अशी वर्षं गेली. आणि त्या वर्षी चौथ्या महिन्याच्या अखेरीस हुआ मावशी दारात उभी राहिली. ही लग्नं जुळवायची. ओठावर तीळ, तोंडात साखर, आणि पायाला चाकं.

“हाईशान, बाळा, शुभकार्याची नाणी हवीत. आपल्या मिआओ वहिनीचं जमवतेय. चिंगदेचेनचा भांड्यांचा व्यापारी. दोन भट्ट्या, तीन नावा, आणि स्वतःचे दात!”

हाईशानच्या हातातली कोरणी टेबलाखाली गेली. ती शोधायला तो खाली वाकला आणि बराच वेळ वर आला नाही.

“वहिनी हो म्हणाली?” कुईझूने विचारलं.

“म्हणेल. पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी, नावांच्या शर्यतीच्या सणाला उत्तर देते म्हणालीय.”

“म्हणजे बाजारात तुरी!”

“अगं, पहिलं लग्न आईबापांच्या मर्जीने, दुसरं बाईच्या स्वतःच्या मर्जीने, मला काय रीत माहीत नाही? पण मर्जीला जरा ढोसावं लागतं. आदल्या दिवशीच मी आळीत घरोघरी गोड रोट वाटणार, लाल दोऱ्याने नाणं बांधून. एकदा सगळ्या आळीने रोट खाल्ला की नाही म्हणायला बाईला तोंड उरतं का? हाईशान, पाच मुलगे-दोन मुलींचं नाणं कर छानसं.”

“पंचेचाळिशीला सात पोरं?” कुईझू म्हणाली. “वहिनीसमोर म्हणून दाखव हे. ती झारा हाणेल.”

हुआ मावशीने थोडा विचार केला आणि ठरवलं की आठ अमरांचं नाणं बरं. दीर्घायुष्य, सुख, आणि कुणाचा अपमान नाही.

आठ अमरांचा नमुना हाईशानकडे आज्यापासून चालत आलेला होता. सगळे भोकाभोवती बसलेले. सगळ्यात वर कमळाची देवी, तिच्या हातात तिचा तो झारा, कारण आमच्याकडची देवी स्वयंपाकघरातून स्वर्गात गेलेली आहे. आणि सगळ्यात खाली लोखंडी काठीवाला. दोघांच्या मधे भोक. बापाने हे नाणं शिकवलं तेव्हा हाईशानला त्यात काही वाटलं नव्हतं. आता मात्र ते भोक त्याला रस्त्याएवढं दिसायला लागलं.

त्याने हुआ मावशीसाठी नियमाप्रमाणे आईनाणं कोरलं. आईनाणं म्हणजे पहिलं, हाताने कोरलेलं, ज्याचा ठसा वाळूत उमटवून पुढची ओततात. ते झालं. आणि मग दुपारी आळी झोपली की त्याने दुसरं कोरायला घेतलं. ते कुणासाठी नव्हतं. स्वतःच्या कंबरपट्ट्यात ठेवायला. एकदा वहिनी चिंगदेचेनला गेली की हातात काही तरी असावं.

कुणी बघणार नाही म्हटल्यावर माणूस मोकळा होतो. हाईशान तर उधळलाच. तलवारवाल्या अमराला त्याने गू न्हाव्याचं नाक दिलं, कारण तो अमर न्हाव्यांचा देव आणि गू त्याचा भलताच अभिमान बाळगायचा. उघड्या पोटाचा पंखेवाला म्हणून दारूवाला केंग बसवला, तर पोट नियमापेक्षा दोन कोरण्या पुढे आलं. एकच जोडा घालणारा अमर म्हणून शाओ नावाडी, जो दर सणाला एक जोडा हरवायचा. झारा त्याने देवीच्या डाव्या हातात दिला. आणि लोखंडी काठीवाल्याला भोकाखालून उचलून थेट देवीच्या शेजारी नेऊन बसवलं, मान वळवून तिच्याकडे टक लावून बघणारा. ते कोरताना हाईशान एकटाच खुदकन हसायचा आणि लगेच नाक ओढायचा.

आता आमच्या धंद्यातली एक रीत. लग्नाची नाणी ओतताना बिनलग्नाच्या माणसाची सावली मुशीवर पडता कामा नये. भट्टी पेटल्यापासून नाण्यांची माळ उंबऱ्याबाहेर जाईपर्यंत त्याने घरात थांबायचं नाही. सणाच्या आदल्या दिवशी कुईझूने भट्टी पेटवली आणि भावाला हाकललं.

“नीघ. नदीवर जाऊन नावांचा सराव बघ. आईनाणं टेबलावर ठेव.”

“ठेवलंय.”

“बघून ठेवलंस ना?”

“ठेवलं म्हणतो ना, ताई!” हाईशान रडवेला होऊन ओरडला, टेबलावरचं एक उचलून कंबरपट्ट्यात खोचलं, एक तिथंच ठेवलं, आणि काठी आपटत निघाला.

नदीवर ढोल वाजत होते. नावाडी बोंब ठोकत होते, काठावरची पोरं त्यांच्याहून मोठ्याने. दारांना लावायच्या वेखंडाच्या जुड्या घेऊन बाया निघाल्या होत्या. हाईशान एका दगडावर बसला. दुपार सरली तेव्हा त्याने कंबरपट्ट्यातून आपलं नाणं काढलं, एकदा बघावं म्हणून. वर देवी, खाली काठीवाला, मधे भोक. झारा उजव्या हातात.

हे तर हुआ मावशीचं होतं. पुढच्या क्षणी लोकांनी पाहिलं ते असं, की लंगडा फांग ससा झालाय. तो एका पायावर, दोन पायांवर, तीन पायांवर, जमेल तसा पळत होता. वाटेत एका बाईच्या वेळूच्या पानात बांधलेल्या भाताच्या पुरचुंड्या त्याच्या काठीत अडकल्या आणि त्या घेऊनच तो आळीत शिरला.

घरी कुईझू शांतपणे भट्टीतली राख ओढत होती.

“ताई, नाणी?”

“हुआ मावशी घेऊन गेली. वाटतेय. काठीला भात कसला लोंबतोय?”

हाईशान वळला. पहिलं घर गू न्हाव्याचं. गूच्या एका हातात रोट, दुसऱ्या हातात नाणं, आणि खुर्चीत अर्धी हजामत झालेलं गिऱ्हाईक.

“गू, ते नाणं दे. ओतीव चुकलंय. भेग आहे.”

“भेग कुठाय? अरे हाईशान, हे नाक बघ! हे नाक माझं आहे!”

“नाकं सगळ्यांचीच असतात—”

“असं नसतं! आमच्या घराण्यातच असतं असं.” गू नाणं घेऊन रस्त्यावर धावला. “केंग! ए केंग! आपला देव बघ, माझ्यासारखा दिसतो!”

केंग दारूवाला आधीच दारात येऊन आपल्या नाण्याकडे आणि मग स्वतःकडे आळीपाळीने बघत होता. “माझं एवढं पोट आहे का रे?” त्याने बायकोला विचारलं. बायको म्हणाली, “नाण्यावर जागा कमी पडलीय.” शाओ नावाडी एका पायात जोडा घालून नाचत आला, कारण दुसरा त्याच सकाळी नदीत गेला होता, आणि पितळेला हे आधीच कसं कळलं याने तो अगदी भारावला होता. घटकाभरात सगळी आळी रस्त्यावर. हा कोण, तो कोण, गाढवावर उलटा बसलेला तर आपला वसुलीवाला कारकून! लोक रोट खात होते, हसून हसून तीळ उडवत होते, आणि रोट कशाचा आहे हे कुणालाच आठवत नव्हतं. हुआ मावशी मधे उभी राहून “शुभकार्य आहे हो, शुभकार्य!” असं ओरडत होती, पण पालथ्या घड्यावर पाणी.

हाईशान एकेकाच्या हातातून नाणं ओढायला बघत होता. “चुकलंय, परत द्या, चांगलं करून देतो.” कोण देतंय?

मग गू न्हावी एकदम थांबला. नाकावरून त्याची नजर शेवटी नाण्यावरच्या शेजाऱ्यांकडे गेली होती.

“काय रे,” तो म्हणाला, “लोखंडी काठीवाला तर खाली असतो ना?”

“खालीच असतो,” केंग म्हणाला.

“मग हा वर कसा आला? देवीच्या बगलेत?”

“आणि बघतोय कुठे?”

“देवीच्या हातात झारा आहे.”

“डाव्या.”

मग सगळ्यांच्या माना एकाच वेळी वळल्या, आधी हाईशानकडे, मग टोफूच्या गाड्याकडे. गाड्यावर मिआओ वहिनी वाट्या विसळत होती. तिच्या वाटणीचा रोट बाजूला तसाच पडला होता, नाण्यासकट. एवढा गलका कसला म्हणून तिने हात पुसले, दोरा तोडला आणि नाणं उन्हात धरलं.

तिने ते बराच वेळ पाहिलं. मग गाडा तसाच सोडला. झाकण नाही, चूल विझवली नाही, काही नाही. झारा हातातच घेऊन ती रस्ता ओलांडून निघाली.

हाईशान पळत घरी जाऊन कोळशाच्या खोलीत शिरला. आळी दारात गोळा झाली, वहिनी आत.

“कुठाय तो?”

“कोळशात,” कुईझू म्हणाली आणि भावाला दंडाला धरून बाहेर ओढलं. तो नखशिखांत काळा झाला होता. काठीला भाताच्या पुरचुंड्या अजून होत्याच.

“ताई, तू ओतताना बघितलं नाहीस का?” तो कळवळून म्हणाला.

“बघितलं की. माझ्या भुवया जळल्यात, डोळे नाहीत.”

“हे तू कोरलंस?” वहिनीने नाणं त्याच्या नाकासमोर धरलं.

हाईशानने मान खाली घातली. मूग गिळून बसायची सवय इतक्या वर्षांची, पण पितळेने आधीच सगळं बोलून टाकलं होतं. आता लपवायला काही उरलं नव्हतं, आणि त्यामुळे त्याला एकदम हलकं हलकं वाटलं.

“मी,” तो म्हणाला. “वहिनी, मला तू आवडतेस. फार वर्षं झाली. तुझ्या तिखटाने माझी आतडी गेली, पण मी रोज आलो. तू जाणार म्हणून ते माझ्यापुरतं कोरलं होतं. बाहेर जायला नको होतं. तुला खाली बघायला लावलं, मला माफ कर. मी सगळी परत आणून वितळवतो.”

“अगं बाई, असल्या लंगड्याचं काय ऐकतेस!” हुआ मावशी गर्दीतून पुढे घुसली. “आळीने रोट खाल्लाय. खाल्ल्या रोटाला नाही म्हणता येत नाही, ही रीत आहे!”

“रीत माहीत आहे मला,” वहिनी तिच्याकडे न बघता म्हणाली. “ज्याचं नाणं बांधलेलं असतं त्याचा रोट. या नाण्यावर तुझा भांडीवाला कुठाय, दाखव.”

हुआ मावशीने नाणं उलटंसुलटं करून पाहिलं. मागच्या बाजूलाही भांडीवाला नव्हता. गू न्हाव्याने गर्दीत आनंदाने कुणाच्या तरी पाठीत गुद्दा घातला. तो तेलवाल्याला लागला.

“आणि तू,” वहिनी हाईशानकडे वळली. “हा काठीवाला बाईकडे बघतोय.”

“हो.”

“आणि बाई कुठे बघतेय?”

हाईशानने नाण्याकडे पाहिलं. “ढगाकडे.”

“ढगाकडे का?”

“ती कुठे बघते ते मला माहीत नव्हतं.”

“माहीत कसं असेल? इतकी वर्षं माझ्यासमोर बसून खातोस आणि एकदा तरी नाक वाटीतून वर काढलंस? काढलं असतंस तर कळलं असतं कुठे बघते ते! वाटी भरून वाहायला लागायची माझ्या हातून, तेल काय उगाच दुप्पट पडायचं?” तिचा आवाज नदीपलीकडे गेला आणि बदकं वळली. मग तो आवाज थोडा चिरकला. “वितळव ही. सगळी वितळव. मान चुकलीय.”

“मान फिरवायची म्हणजे नवं आईनाणं कोरावं लागेल,” हाईशान पुटपुटला. धंद्याचं बोलणं तेवढं त्याला नेहमी सुचायचं.

“मग कोर.”

“आत्ता?”

“उद्या सण आहे. मला उद्या उत्तर द्यायचंय.”

तिने भिंतीजवळचं स्टूल पायाने ओढलं आणि त्याच्या टेबलासमोर बसली. झारा डाव्या हातात उभा धरला. मग चांगली सावरून, हनुवटी उचलून, तिने मान त्याच्या दिशेने वळवली आणि तशीच धरून ठेवली.

“हं, ही अशी,” ती म्हणाली. “आता बघ नीट.”

कुईझूने कोळशाने माखलेल्या भावाच्या हातात कोरणी दिली, आणि हाईशानने मान वर केली.